दुपारची कुमारिका

जपानातल्या या ओजिमात कामाच्या दिवशी भर दुपारी कुमारिका मिळणं म्हणजे उंबराचं फूल. नवरात्रात रोज एका लहान मुलीला देवी मानून जेवू घालायचं आणि मग आपण घास घ्यायचा, हा नेम मला सासूबाईंकडून मिळाला. पुण्यात त्याचं काही वाटायचं नाही. गॅलरीतून एक हाक मारली की तीन तीन परकऱ्या पोरी जिना चढून यायच्या. इथे मुली चार वाजेपर्यंत शाळेत, त्यानंतर पोहायला नाहीतर पियानोला. मग मी चार, साडेचार, कधी पाचपर्यंत थांबायची. थांबण्याचं दुःख नव्हतं, पण आमचे हे, विजयकुमार, दरवर्षी चिडवायचे, "सगळं जपान वेळेवर चालतं, तुझी देवी तेवढी लेट."

यंदा मात्र देवीने वेळ पाळली.

आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर ऑगस्टमध्ये एक नवं बिऱ्हाड आलं. सुशांत आणि चैत्राली, दोघंही पुण्याचीच. नऊ वर्षांची ओवी आणि दहा महिन्यांचा सारंग. चैत्रालीशी माझी ओळख कचऱ्याच्या जाळीपाशी झाली. ती बाटल्यांच्या वारी कागद घेऊन उभी होती, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा, ते मी तिला समजावून सांगितलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिला म्हटलं, "नवरात्रात एखाद्या संध्याकाळी तुझ्या लेकीला जेवायला धाडशील का?"

"संध्याकाळी कशाला काकू? दुपारीच येईल की. ओवी घरीच असते. रोजसुद्धा येईल."

रोज! मला इतका आनंद झाला की पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही. लेकीसाठी नवी शाळा शोधत असतील, नाहीतर इंडियन स्कूलला सणाची सुट्टी असेल, असं काहीतरी माझं मीच ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी बाराच्या ठोक्याला बेल वाजली. दारात ओवी, आणि तिच्या कडेवर सारंग.

"काकू, ह्याला पण आणलंय. आईची मीटिंग चालू आहे. चालेल?"

"अगं, न चालायला काय झालं? बाळकृष्णच तो."

"कृष्ण नाही, सारंग," तिने मला समजावलं.

पाटावर बसवून मी पाय धुवायला तांब्या घेतला तर तिने पाय आखडले. "माझे पाय? मी आंघोळ केली आहे काकू!"

"ठाऊक आहे. आज तू देवी आहेस, म्हणून धुवायचे."

"मग देवीने काय करायचं?"

"काही नाही. बसायचं, जेवायचं, आणि मनापासून खुश व्हायचं."

"एवढंच?" ती म्हणाली, आणि पाय पुढे केले.

कुंकू लावलं, केसांत गजरा माळला, खीर-पुरीचं ताट मांडलं. सारंगला मांडीवर डाव्या हाताने धरून ती उजव्या हाताने पुरी मोडत होती. पोर ताटाकडे झेपावलं की मांडी हलवायची, कुरकुरलं की पाठीवर दोन थापट्या. सगळं बोलता बोलता. मी म्हटलं, "आण इकडे त्याला, तू नीट जेव."

"नको, तुमच्याकडे रडेल. त्याला असं उजवीकडून डावीकडे हलवावं लागतं. आईला पण नाही जमत."

मला कौतुक वाटलं. किती समजूतदार पोर, असं मी मोठ्यानेसुद्धा म्हणाले.

जेवण झाल्यावर तिला वर पोचवायला गेले, तर लिफ्टमध्ये कुमागाई-सान. त्या नवव्या मजल्यावर एकट्या राहतात, पंचाहत्तरीच्या आहेत. आमच्या वस्तीतली एकटी म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांची विचारपूस करायला वॉर्डाने नेमलेल्या त्या बिनपगारी बाई. कोण आजारी आहे, कुणाच्या घरातून भांडणाचा आवाज येतो, कुणाचं पोर रडतंय, सगळ्यावर त्यांचं लक्ष असतं. ओवीचं कुंकू, गजरा बघून त्या खुलल्या. मग विचारलं, "आज शाळा नाही का?"

ओवीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आज आमचा सण आहे. नऊ दिवस चालतो."

"नऊ दिवस! केवढं छान," म्हणून त्यांनी ओवीला वाकून नमस्कार केला. ओवीनेही केला. देवीने नमस्कार करायचा नसतो हे सांगायला मी विसरले.

पुढे रोजच कुठे ना कुठे कुमागाई-सान भेटत राहिल्या. कधी सायकलींपाशी, कधी पत्रपेट्यांपाशी. "अजून सण?" "हो, हो, अजून." माझी माळ वेळेवर चढत होती, नैवेद्य वेळेवर होत होता, साडेबाराला मी पोटभर जेवत होते. ह्यांचं चिडवणंही बंद झालं होतं.

अष्टमीला आमच्याकडे आणखी एक रीत आहे. त्या दिवशीच्या कुमारिकेला विचारायचं, "बाई, तुला काय हवं?" आणि ती जे मागेल ते होता होईल तो द्यायचं. कुणी रंगपेटी मागते, कुणी केसांच्या पिना. मागे आमच्या ओळखीतल्या जयप्रकाशांच्या मुलीने मांजर मागितलं होतं. इमारतीत प्राणी पाळायला बंदी, मग आम्ही दोघं निशी-कसाई नावाच्या वस्तीतल्या दुकानांतून हिंडून कापसाचं मांजर घेऊन आलो होतो.

ओवीला विचारलं, तर ती सारंगला घेऊन सरळ गॅलरीत गेली. आमच्या गॅलरीसमोर रस्त्यापलीकडे वॉर्डाची प्राथमिक शाळा आहे. कॉरिडॉरच्या काचेतून मुलं दिसतात. त्या वेळी जेवणाची सुट्टी होती. पांढऱ्या टोप्या, पांढरे अंगरखे घातलेली सात-आठ मुलं मोठाली पातेली ठेवलेली ढकलगाडी घेऊन चालली होती.

"मला ते करायचंय."

"म्हणजे? आचारी व्हायचंय?"

"आचारी नाही हो काकू! ती मुलं वाढतात. आज ही वाढणार, पुढच्या आठवड्यात दुसरी. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणीच जेवत नाही. मग सगळे एकदम काहीतरी म्हणतात आणि जेवतात. आमच्या घरून नीट दिसतं. मी आणि सारंग रोज बघतो."

"तुझ्या शाळेत नव्हतं का असं?"

"डबे होते. पण आता मला शाळा नाहीये. जुलैत संपली."

दूध संपलं, साखर संपली, असं आपण सांगतो ना, तितक्या सहज तिने सांगितलं. सारंग कुरकुरला, तशी तिने त्याला उजवीकडून डावीकडे हलवायला सुरुवात केली.

आठ दिवस दुपारी बाराला देवी येते म्हणून मी दिवा ओवाळत होते, आणि ती बाराला येऊ शकत होती, कारण तिला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. 

संध्याकाळी कडाकण्यांचा डबा घेऊन सहाव्या मजल्यावर गेले. चैत्राली नुकतीच कानांवरचा हेडफोन काढून बसली होती. डोळे लाल झालेले, ओट्यावर सकाळचा चहा तसाच. मी जपूनच विषय काढला.

"सुट्टीवर आहे असं समजा ना काकू," ती म्हणाली. "तिची आधीची इंडियन स्कूल या नव्या घरापासून दोन गाड्या बदलून, म्हणून सोडवली. सुशांतचा प्रोजेक्ट मार्चमध्ये बहुतेक संपतोय. मग पुण्यालाच जायचं, तर सहा महिन्यांसाठी जपानी शाळेत घालून तिचे हाल कशाला? ऑनलाइन करते ती थोडंफार."

"आणि सारंग?"

"पाळणाघरात एप्रिलशिवाय जागा नाही. माझ्या मीटिंगा दारं लावून. ओवी आहे म्हणून निभतंय. इतकी समजूतदार आहे माझी बाई!"

तोच शब्द. आठवडाभर मीही तो वापरत होते.

"पण वॉर्डातून कुणी विचारत नाही?"

"विचारतील कसे? सुशांतने सगळं बघितलंय. जपानी मुलांना सक्ती आहे, परदेशी मुलांना नाही. शाळेत घालायचं म्हटलं तर घालतात, नाही घातलं तर काही म्हणता येत नाही. आम्ही बेकायदा काहीच करत नाहीयोत काकू."

घरी येऊन मी ह्यांना पान वाढलं आणि तेच विचारलं.

"अगं, बरोबर आहे तिचं," हे म्हणाले. "कायदाच नाही तर गुन्हा कसला?"

"पण आपल्याकडे आहे ना, सहा ते चौदा वर्षांचं मूल शाळेत गेलंच पाहिजे असा?"

"तो भारतात."

"आणि इथला?"

"इथला इथल्या मुलांना."

"मग ओवीला कुठला?"

ह्यांचा हात ताटातच थांबला. "कुठलाच नाही, बहुतेक. दोन छत्र्यांच्या मध्ये उभं राहिल्यासारखं झालं खरं."

"मग हे नीट कुणी करायचं?"

"इथल्या संसदेने. नाहीतर आपल्या दूतावासाने यांच्याशी बोलावं. नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर तू कोशिंबीर वाढ," हे म्हणाले. पण वाढलेली कोशिंबीर तशीच राहिली.

दसरा झाला. घट हलवले. ओवीला दिलेलं वचन मात्र बाकी होतं. देवीचं मागणं कापसाच्या मांजरावर भागवण्यातलं नव्हतं. चैत्रालीला पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तिने हसून, मला चहा देऊन वाटेला लावलं. दुसऱ्याच्या घरात यापेक्षा जास्त शिरायचं कसं? मी रोज सकाळी श्रीसूक्त म्हणताना एवढंच म्हणायची, आई, तूच मागितलंस, आता तूच वाट दाखव.

कोजागिरीनंतर तीन-चार दिवसांनी मी दुपारी भाजी घेऊन आले, तर लिफ्टमध्ये ओवी आणि सारंग. दार मिटता मिटता कुमागाई-सान आत आल्या. त्यांनी ओवीकडे बघून तोंड उघडलं मात्र, ओवीने आधीच उत्तर देऊन टाकलं.

"ओमात्सुरी!"

जपानीत सणाला ओमात्सुरी म्हणतात. पोरीला जपानी फारसं येत नव्हतं, पण हा शब्द तिने माझ्याकडून उचलला होता.

कुमागाई-सान खळखळून हसल्या. "केवढे सण हो तुमच्याकडे! आमच्या वडिलांना कळलं असतं तर त्यांनी पुढचा जन्म भारतातच मागून घेतला असता. आज कुठला?" हे मला उद्देशून होतं.

आता गंमत बघा. त्या दिवशी संकष्टी होती. खरोखरच होती. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. 'संकष्टी' एवढा एक शब्द उच्चारला असता तर जगातलं कुठलंच पंचांग मला खोटं ठरवू शकलं नसतं. आपलं पंचांग इतकं भरलेलं की रोज काही ना काही सापडतंच. वर्षभर मी त्या पोरीला सणामागे लपवू शकले असते, आणि एकदाही खोटं बोलावं लागलं नसतं. सुशांतही तेच करत होता. नियमाबाहेर पाऊल नाही, आणि पोर घरात.

"आज माझा उपास आहे," मी म्हणाले. "हिचा सण नाही. हिला शाळाच नाही. जुलैपासून."

लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली. कुमागाई-सान दार उघडं ठेवायचं बटण दाबून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या प्रश्न विचारतील. पण त्या वाकून ओवीला म्हणाल्या, "बाळ जड आहे का?"

ओवीला तेवढं समजलं. तिने थोडा विचार केला आणि पहिल्यांदाच समजूतदारपणा सोडून मान हलवली. हो, जड आहे.

दोन दिवसांनी कुमागाई-सान माझ्याकडे आल्या, त्या वॉर्ड ऑफिसात जाऊनच. चहा समोर ठेवला तरी बराच वेळ पेल्याला हात लावला नाही.

"स्नेहलता-सान, मी इतकी वर्षं हे काम करतेय. माझी समजूत होती की मूल म्हणजे मूल. या इमारतीत राहतं ते सगळं आमचंच. जपानी मूल असतं आणि इतके दिवस शाळेत दिसलं नसतं, तर शाळेतून, वॉर्डातून माणसं येऊन गेली असती. हिच्यासाठी ती येत नाहीत, कारण तसं कुठे लिहिलेलंच नाही. वॉर्डाला वाटतं ती इंडियन स्कूलमध्ये आहे. तिथल्यांना वाटतं ती भारतात परत गेली. दोघांनी आपापलं काम नीट केलंय." मग स्वतःच्या अंगठ्याचं नख दाखवून म्हणाल्या, "एवढीशी फट. आणि अख्खी मुलगी मावली."

"आता काय करायचं?"

"हुकूम नाही करता येत. विनंती करता येते. येतील का ते दोघं तुमच्या घरी? माझ्याकडे बोलावलं तर घाबरतील."

घाबरले तर होतेच. निरोप मिळताच चैत्रालीचा फोन आला. "काकू, तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"हो गं."

"का पण? व्हिसाला काही झालं म्हणजे?"

"व्हिसाचा काही संबंध नाही, मी विचारून घेतलंय. त्यांनी विचारलं आणि मला लपवता येईना."

"वा! म्हणजे तुम्हाला पुण्य आणि आम्हाला ताप."

मी म्हटलं, "रविवारी चहाला या. मला काय बोलायचं ते समोर बसून बोल." तिने फोन ठेवला. येतात की नाही, या विचारात दोन दिवस गेले. ओवीही खाली आली नाही.

रविवारी आले. सुशांत इस्त्रीचा शर्ट घालून, चैत्राली ओठ मिटून. ओवी सारंगला घेऊन कोपऱ्यात बसली. कुमागाई-सान गुडघे दुमडून बसल्या होत्या. हे मधे बसून बशा सरकवत होते, नि कुणी बोललं नाही की "घ्या ना, घ्या ना" म्हणत होते.

सुशांतचं जपानी ऑफिसातलं, फार आदबशीर. "कुमागाई-सान, नियमाने बघितलं तर आमचं—"

"नियमाने तुमचं काहीच चुकत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी आले. चुकत असतं तर कागद आला असता. मी घरी टीव्ही बघत बसले असते."

सुशांतला हसू आलं. त्याने ते चहाच्या पेल्यात लपवलं. "मग नियमच बदलायला पाहिजे. ते सरकारचं काम आहे."

"अगदी. मीही तेच म्हणते. वॉर्डाच्या सभेकडे मी विनंतीअर्ज करणार आहे, की इथे राहणारं कुठलंही मूल शाळेत दिसलं नाही तर त्याची चौकशी झालीच पाहिजे. असा अर्ज परदेशी माणसालाही करता येतो. मत देता येत नसलं तरी मागता येतं. तुम्ही सही कराल?"

आता सुशांतची पंचाईत. सही करायची म्हणजे आपल्याच दाराची कडी वाजवायला माणूस बोलवायचा. त्याने चैत्रालीकडे पाहिलं. ती ओवीकडे बघत होती.

"करतो," तो म्हणाला. "पण हे बदलायला किती काळ लागेल?"

"कुणास ठाऊक. वॉर्डाने ऐकलं तरी पुढे मोठी संसद आहे. या ओवीची मुलं शाळेत जायची होतील तोवर होईल कदाचित." त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

"आणि तोवर?"

ह्यांनी "घ्या ना" म्हणायला तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच गप्प केलं.

"तोवर आपणच, ना?" चैत्राली मराठीत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सरकार सरकार काय करतोस सुशांत? सरकारने मला विचारलं असतं, ही घरी का आहे, तर मी काय सांगितलं असतं? मार्च? मार्चचं मी मलाच सांगत होते. मला सारंगसाठी कुणीतरी हवं होतं." मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच, "पण काकू, सकाळच्या मीटिंगांना मी त्याला कुठे ठेवू? ते नाही ना कुठल्या कायद्यात!"

ते खरंच होतं. कुमागाई-सानना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी वॉर्डाच्या तात्पुरत्या पाळणाघराची माहिती दिली. आठवड्यातून दोन-तीन दिवस मिळेल, रोज नाही.

"उरलेले दिवस माझ्याकडे," मी म्हटलं.

"तुमची सकाळची पूजा असते. सोवळं असतं."

"दहा महिन्यांच्या पोराला कसलं आलंय ओवळं? उजवीकडून डावीकडे हलवायचं, एवढंच ना?"

चैत्राली रडता रडता हसली. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ज्यांना जमतं त्यांनी."

ओवी इतका वेळ ऐकत होती. सुशांतने तिला जवळ बोलावलं. "बेटा, तिथे सगळं जपानीत असेल. सुरुवातीला काही कळणार नाही. चालेल तुला?"

"चालेल."

"जेवणात मांस-मासे असतात. तुला डबा न्यावा लागेल."

"नेईन. पण वाढायला देतील ना मला?"

"नात्तो वाढावं लागलं तर?" ह्यांनी विचारलं. नात्तो म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन. त्याच्या नुसत्या वासाने हे ऑफिसच्या कँटीनमधून उठून येतात.

"वाढीन. नाक धरून," ओवी म्हणाली. कुमागाई-सानना हे सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की पेला खाली ठेवावा लागला. नात्तो त्यांनाही आवडत नाही म्हणे.

वॉर्ड ऑफिसात नाव घालायला एक सकाळ पुरली. दार उघडंच होतं, आत या म्हणणारं कुणी नव्हतं इतकंच. दिवाळीच्या आधीच ओवी समोरच्या शाळेत चौथीत बसायला लागली. जपानी शिकवायला आठवड्यातून काही तास वेगळ्या बाई येतात.

अर्जाचं म्हणाल तर तो सभेच्या समितीपुढे गेला. कुमागाई-सान आणि मी मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकून आलो. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा विचार करू म्हणाले. येताना मी विचारलं, "आता?" त्या म्हणाल्या, "आता पुढच्या बैठकीला पुन्हा बसायचं. आपण दोघीही काही कुठे जात नाही." सह्यांमध्ये सुशांतची सही सगळ्यात वर आहे. त्याचा प्रोजेक्ट वाढेल असंही आता ऐकते, पण त्याचं खरं मार्चमध्येच कळेल.

सारंग माझ्याकडे असतो त्या दिवशी पूजेला दुप्पट वेळ लागतो. आरती म्हणताना तो घंटा मागतो, आणि दिली की थेट तोंडात घालतो. श्रीसूक्ताच्या मधेच मला 'अरे नको, नको' म्हणावं लागतं. देवीला सवय झाली असावी. मला तर झालीच आहे.

परवा ओवी चार वाजता आली ती तणतणतच. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "काकू, तिथे मुलांनाच फरशी पुसायला लावतात! ओणवं होऊन, पळत पळत!"

"अगं बाई. मग?"

"मग काय, मी शेवटून दुसरी आले."

"शर्यत असते का?"

"नसते. पण सगळे लावतात. आणि माझं फडकं फार पातळ आहे, घसरतं. सेन्सेई बाईंनी घरून शिवलेलं जाड फडकं आणायला सांगितलंय. आईला शिवता येत नाही. आणि शाळेत फार कंटाळा येतो. आणि हारुका मला तिच्या शेजारी बसू देत नाही, कारण तिथे आधीच मिओ बसते."

ती शाळेला नावं ठेवत होती, आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटत होतं की मी मधे एकदाही समजूत घातली नाही. जुना टॉवेल काढला, चौपदरी घातला, गोधडीला घालतात तसे आडवे धावदोरे घालत बसले. सारंग दोऱ्याचं रीळ पळवत होता.

"काकू, जरा लवकर. उद्याच न्यायचंय."

"उद्या जायचंय का? मला वाटलं, कंटाळा येतो."

"जायचंय!" ती ओरडली, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं की मी चिडवतेय. "काकू, मिओला पण हवंय तसलं. मी तिला सांगून टाकलंय, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू शिवून देतात."

"मला न विचारता?"

"तुम्ही नाही म्हणाला असता का?"

मी सुईत दुसरा दोरा ओवला.